बिनपरवाना लहरी

हवेलाही मालक असतो हे मला पेणच्या एका केबल ऑफिसात नोकरी करताना कळलं. तोवर माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला होता. अँटेना म्हणजे काय, लहर म्हणजे काय, सगळं पाठ होतं. पण त्या लहरी कुणाच्या, हा प्रश्न आमच्या पेपरात कधी आला नव्हता.

मी माहेरची रोह्याची, म्हणजे खरं तर नदीपलीकडच्या अष्टमी गावची. लग्न होऊन पेणला आले. नवरा रोह्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचा, अजूनही जातो. माणसं नोकरीसाठी पुढे सरकतात. आमच्याकडे उलटंच, मी माहेर सोडून पेणला आले आणि नवरा रोज माझ्या माहेराकडे जाऊ लागला. घरात बसून राहायची सवय मला नव्हती, म्हणून केबल ऑफिसात तक्रारी घ्यायच्या कामाला लागले. हळूहळू शेठनी मला वायरी, डबे, कनेक्शन सगळंच बघायला दिलं. शेठ कडक होते पण काम शिकू देणारे होते.

त्या वेळी जोह्याच्या मूर्तिकारांना इंटरनेट हवं होतं. जोहे पेणपासून लांब नाही, हमरापूरच्या बाजूला, भातखाचरांच्या पलीकडे. घरोघर गणपतीचे कारखाने. गिऱ्हाइकं मुंबईची, पुण्याची, आणि परदेशातलीही. मूर्तीचे फोटो पाठवायचे, रंग दाखवायचे, तर फोनवर नेट धड नाही. वायर टाकावी तर हायवेचं काम चालू. आज टाकलेली वायर उद्या जेसीबीखाली. शेठ म्हणाले, हवेतून नेऊ. पेणात एका उंच इमारतीवर डिश लावायची, जोह्यात एका पत्र्यावर दुसरी, दोघींनी समोरासमोर एकमेकींना बघायचं, की झालं.

झालं नाही. त्या लहरी वापरायला दिल्लीची परवानगी लागत होती. मी मुंबईच्या ऑफिसात गेले, तिथून कागद वर गेला आणि प्रश्न घेऊन खाली आला. खांब किती उंच, शेजारी काय, विमानं कुठून जातात. मी उत्तर पाठवलं की त्या उत्तरावर नवा प्रश्न यायचा. मधे साहेब बदलले, मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. तोवर जोह्याचे लोक मला रस्त्यात भेटले की विचारायचेही बंद झाले. शेवटी शेठनीच हात झटकले. सरकारची हवा सरकारला लखलाभ, म्हणाले, आणि तो विषय मिटला.

काही वर्षांनी सरकारने नियम सैल केला. पाच गिगाहर्ट्झच्या आसपासच्या बऱ्याचशा लहरी परवान्याशिवाय वापरायला मोकळ्या झाल्या. ठरवून दिलेल्या ताकदीच्या आतली यंत्रं वापरा आणि एकमेकांना त्रास देऊ नका, एवढंच. ही बातमी मला दिली ती भाईने.

भाई म्हणजे अष्टमीतला माझ्या माहेरचा शेजारी. आमच्या दोन घरांच्या मधे एकच भिंत होती. तो माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला लहानपणापासून भाई म्हणते आणि तो मला बाय म्हणतो. शिक्षण संपल्यावर तो त्यांच्या घरातल्या बाकीच्या पुरुषांसारखा आखातात गेला. तिथे मोबाइलच्या टॉवरवर चढून डिशा जुळवायचं काम त्याने बरीच वर्षं केलं. त्याच्या आईचे गुडघे गेले तेव्हा तो सुट्टीवर म्हणून आला आणि परत गेलाच नाही. कुंडलिका नदीच्या पुलाजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकून बसला होता. त्यात त्याचा जीव रमत नव्हता हे त्याच्याकडे बघूनच कळायचं.

मी माहेरी गेले होते तेव्हा तो ओटीवर येऊन बसला आणि म्हणाला, "बाय, हवा मोकळी झाली. आता कुणाला विचारायला नको."

मला आधी खरंच वाटलं नाही. मी नियम स्वतः वाचला, दोनदा वाचला. मग नवऱ्याशी बोलले. तो म्हणाला, तुला जमत असेल तर कर, फक्त घर त्यावर लटकवू नकोस. मी नोकरी सोडली. शेठना जाऊन सांगितलं.  त्यांनी चहा मागवला, बरं होवो म्हणाले आणि टीव्हीकडे बघत राहिले. तेव्हा मला वाटलं, माणूस समजूतदार आहे.

इंटरनेट विकायचा परवाना ज्या कंपनीकडे होता तिची आम्ही फ्रँचायझी घेतली. आमच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, पहिली डिश बसली. दुसरी बसली जोह्यात काकींच्या कारखान्यावर.

काकी आमच्या पहिल्या गिऱ्हाईक. नवरा गेल्यावर कारखाना त्यांनी एकटीने चालवला होता. माती, साचे, रंग हे सगळं कारागीर करायचे, पण डोळ्यांची आखणी काकी स्वतः करायच्या. त्या कामाला बसल्या की कारखान्यात कुणी मोठ्याने बोलत नसे. परदेशातली काही घरं वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच मूर्ती न्यायची, आणि त्या मूर्ती जहाजाने जायच्या म्हणून होळीच्या आधीच तयार व्हायला लागायच्या.

ज्या दिवशी डिशा जुळवल्या त्या दिवशी भाई काकींच्या पत्र्यावर आणि मी पेणच्या गच्चीवर. कानाला फोन. तो डिश केसाएवढी हलवायचा आणि मी लॅपटॉपवर सिग्नलचा आकडा बघून सांगायची. वाढला, वाढला, गेला, परत ये. ऊन मरणाचं होतं. मग एकदम आकडा चढला आणि तिथेच थांबला.  फोनवर भाईने पाना पत्र्यावर ठेवल्याचा आवाज आला. मी खाली येऊन बस पकडली आणि जोह्याला गेले, तर काकी मस्कतमधल्या एका बाईला व्हिडिओवर मूर्ती दाखवत होत्या. चित्र असं स्वच्छ, की ती बाई तिकडून सांगत होती, सोंडेखालची सावली जरा फिकट करा.

पुढचा काळ खरंच चांगला गेला. जोह्यातले बरेच कारखाने आमच्याकडे आले. हमरापूरचेही थोडे आले. भाईने दुकानाला कुलूप लावलं. तो रोह्याहून सकाळी निघायचा, दुपारी आमच्याकडे जेवायचा, संध्याकाळी परत. मी पत्र्यांवर चढायला शिकले. सुरुवातीला गावातल्या बायका खालून बघत उभ्या राहायच्या, नंतर त्याच शिडी धरायला लागल्या.

मग एका हिवाळ्यात आमची लाईन अडखळायला लागली.

पहिल्यांदा वाटलं केबल खराब. केबल बदलली. मग वाटलं डिश हलली. डिश हलली नव्हती. सकाळी ठीक चालायचं, दुपारनंतर चित्र थांबायचं, आवाज तुटायचा. आम्ही चॅनेल, म्हणजे लहरींची पट्टी, बदललं की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. भाईने आमच्याच रेडिओवरून, म्हणजे डिशमागच्या यंत्रावरून, आसपासच्या लहरी तपासल्या आणि गच्चीच्या कठड्याशी जाऊन उभा राहिला. मग त्याने पेणच्या दुसऱ्या टोकाकडे हात केला. शेठच्या केबल ऑफिसवर नवा लोखंडी टॉवर उभा होता, आणि त्यावरच्या डिशा जोह्याकडे तोंड करून होत्या.

शेठनी नियम वाचायला माझ्यापेक्षा जास्त वेळ लावला होता, एवढंच. लहरी मोकळ्या होत्या तर त्यांनाही मोकळ्या होत्याच. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. तक्रार होती ती वेगळी. नियमाने ताकदीला मर्यादा घातली होती. भाईचं म्हणणं, त्यांची यंत्रं त्या मर्यादेच्या बरीच वर चालत होती. एखादा माणूस बाजूला उभा राहून ओरडत असला की आपण कितीही स्पष्ट बोललो तरी समोरच्याला ऐकू जात नाही, तसं आमचं झालं होतं.

त्यातच काकींचा तो प्रसंग घडला. मस्कतच्या त्या बाईंनी आपल्या सासूसाठी एक मोठी मूर्ती सांगितली होती. सासू अंथरुणाला खिळलेली. मूर्तीचे डोळे आखताना तिला बघायचं होतं, एवढीच तिची हौस. वेळ ठरली. काकींनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. आखणीच्या दिवशी त्या खात नसत. मी मुद्दाम तिथे थांबले होते. काकी मूर्तीसमोर बसल्या, ब्रश घेतला. तिकडे पडद्यावर त्या म्हाताऱ्या बाई उशीला टेकून बसलेल्या दिसत होत्या. पहिली रेघ ओढली आणि चित्र थांबलं. त्या बाईंचं तोंड अर्धवट उघडं, तसंच. मी फोनवरून भाईला सांगितलं, चॅनेल बदल. चित्र आलं, पुन्हा गेलं. काकी ब्रश हातात धरून थांबल्या. ओला रंग फार वेळ थांबू देत नाही. शेवटी त्यांनी माझ्याकडे न बघता दोन्ही डोळे आखून पुरे केले. पुन्हा जोडणी झाली तेव्हा मूर्ती तयार होती आणि तिकडे पलंगावर त्या बाई झोपून गेल्या होत्या.

काकी मला एवढंच म्हणाल्या, "तुझी लाईन गेली की माझा शब्द जातो गो."

मी दुसऱ्याच दिवशी मुंबईला निघाले. लहरींवर देखरेख ठेवणारं एक ऑफिस असतं, तिथे. साहेब वयस्कर होते, बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मी नकाशा नेला होता, आमच्या लाईनचे आलेख नेले होते. त्यांनी ते खरोखर बघितले. मग विचारलं, "तुमच्याकडे या लहरीचा परवाना आहे?"

मी म्हटलं, आता लागत नाही ना.

"मग तक्रार कशाच्या जोरावर करताय? परवाना असता तर ती लहर तुमची असती. तुमच्या लहरीत कुणी घुसलं असतं तर मी तपासणीची गाडी पाठवली असती. ही सगळ्यांची आहे, ताई. सगळ्यांची म्हणजे तुमची एकटीची नाही."

मी विचारलं, पण ताकदीची मर्यादा तर आहे ना? ती मोडली तर? ते म्हणाले, तसं लेखी द्या, पुरावा जोडा. मी विचारलं, पुरावा कसला? तर ताकद मोजल्याचा. ती मोजायचं यंत्र कुणाकडे? तर त्यांच्याकडे. आणि ते यंत्र घेऊन पेणला यायला त्यांच्याकडे माणसं कमी, मोठ्या तक्रारी आधी, विमानतळाच्या, पोलिसांच्या वायरलेसच्या. साहेब खोटं बोलत नव्हते हे मला दिसत होतं, त्यामुळे जास्तच चीड आली. खोटं बोलणाऱ्याशी भांडता तरी येतं. मी तिथेच बसून अर्ज लिहिला, शिक्का मारून घेतला. त्या अर्जाचं पुढे काय झालं ते मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. परतीच्या एसटीत मला सारखं एकच आठवत होतं. याच खात्याने पूर्वी खांबाची उंची विचारून विचारून आम्हाला दमवलं होतं. तेव्हा त्यांना सगळं जाणून घ्यायचं होतं, आता काहीच नको होतं.

भाई म्हणाला, आखातात असं झालं की दोन्ही कंपन्यांची माणसं चहाला बसतात. आपण शेठकडे जाऊ. मला जायचं नव्हतं. त्याने मला जवळजवळ ओढून नेलं.

शेठनी चहा मागवला, पूर्वीसारखाच. मी काही बोलायच्या आत तेच बोलले. म्हणाले, "ताई, तुम्हीच माझ्यासाठी मुंबईला खेपा घातल्यात ना? माझी फाईल तिकडे पडून होती, तेव्हा मी नियमाने चाललो होतो. काय मिळालं? आता मोकळं झालंय तर मी जरा मोठ्याने बोललो, तर तुम्ही लगेच तक्रार करायला गेलात."

म्हणजे अर्जाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्यांच्या बोलण्यात राग होता, पण ते दुखावलेही होते. मी नोकरी सोडून त्यांचीच कल्पना घेऊन गेले असं त्यांना वाटत होतं. मला ते पटलं नाही. जोह्याला आधी कोण पोचलं हे मी बोलून दाखवलं. आवाज चढले. भाई मधे पडला. त्याने टेबलावरच्या पेपरच्या कोऱ्या कडेला रेघा मारल्या, वरचे चॅनेल शेठचे, खालचे आमचे, मधली थोडी जागा कुणीच वापरायची नाही. शेठनी ताकद कमी करायची. शेठनी पेपर आपल्याकडे ओढून बघितला. मग म्हणाले, ठीक आहे, या हंगामापुरतं.

आणि ते शब्दाला जागले. दुसऱ्या दिवसापासून लाईन सुधारली. जे काम दिल्लीला आणि मुंबईला जमलं नव्हतं ते कागदाच्या कडेवर झालं. काकींच्या कारखान्यात चित्र पुन्हा स्वच्छ आलं. मस्कतच्या त्या बाईंनी मात्र नंतर फोन केला नाही. त्यांची सासू त्याच उन्हाळ्यात गेली असं काकींना दुसऱ्या कुणाकडून कळलं.

आमचा समेट फार टिकला नाही, आणि मोडला तो शेठमुळे नव्हे. जोह्यात कारखानदारांनी स्वतःच रेडिओ मागवायला सुरुवात केली. ऑनलाइन मिळत होते. एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये नेट न्यायला, कॅमेऱ्यासाठी, शेतातल्या गोदामासाठी, एकेकाच्या पत्र्यावर दोन दोन, तीन तीन. सगळे त्याच मोकळ्या लहरींवर. कुणी चॅनेल निवडत नसे. यंत्र जे पकडेल ते. मी एका कारखानदाराकडे जाऊन समजावलं की तुमची डिश जरा खाली वाकवा, आमच्या लाईनला लागते. तो भला माणूस होता, शिडी काढून द्यायला तयार होता, पण हसत म्हणाला की हवा मोकळी झाली हे तुम्हीच तर आम्हाला सांगितलं होतं. खरं होतं. गिऱ्हाईक मिळवायला आम्ही गावभर तेच सांगत फिरलो होतो.

आता कुणाशी चहाला बसणार? शेठ एक होते. इथे अख्खं गाव होतं. भाई आणि मी रोज कुठल्या ना कुठल्या पत्र्यावर असायचो. घरी नवरा शिफ्टवरून यायचा तेव्हा मी नसायची. मी पोचायची तेव्हा तो जेवणाचं ताट स्वतः वाढून घेत असायचा आणि भांड्यांचा आवाज जरा जास्त यायचा.

मग एका मोठ्या मोबाइल कंपनीची माणसं सारखे टी-शर्ट घालून गावात आली. त्यांच्याकडे एक पांढरा डबा होता. खिडकीत ठेवायचा, बटण दाबायचं, घरभर इंटरनेट. पत्र्यावर चढणं नाही, डिश जुळवणं नाही. ज्या लहरींवर तो डबा चालायचा त्या कंपनीने लिलावात विकत घेतलेल्या होत्या. त्यांत कुणी घुसलं असतं तर त्या वयस्कर साहेबांनी गाडी पाठवली असती. शेठनी महिन्याभरात आपला टॉवर त्यांनाच भाड्याने दिला आणि स्वतः डब्याची एजन्सी घेतली. मलाही निरोप आला की हवी असेल तर तुम्हीही या, हमरापूर तुम्हाला देऊ. मी उत्तर दिलं नाही.

गिऱ्हाइकं एकेक करून गेली. बहुतेकांनी नुसते पैसे भरणं थांबवलं. काकींनी मला बोलावून घेतलं.

मी गेले तेव्हा त्या रंगाच्या वाट्या धूत होत्या. खिडकीत डबा आधीच आलेला होता, त्याच्यावर फडकं टाकलेलं.

"रागवू नको गो," त्या म्हणाल्या. "तू येतेस, वर चढतेस, घाम गाळतेस, नि खाली येऊन सांगतेस, अमक्याचा त्रास हाय, तमक्याचा त्रास हाय. ह्या डब्याला कुणाचाच त्रास नाय."

मी म्हटलं, काकी, त्यांनी त्या लहरी विकत घेतल्यात.

"मग तू का नाय घेतल्यास?"

त्यांनी ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की बाजारात मिळणारी वस्तू असेल तर मीही घेऊ शकले असते. कोट्यवधींचा लिलाव त्यांना कसा समजावणार? मला स्वतःलाच तो कधी नीट समजला नव्हता. मी शिडी मागितली. आमची डिश मीच उतरवली. बोल्ट गंजले होते, तेल सोडून सोडून काढावे लागले. काकी खाली शिडी धरून उभ्या होत्या.

भाई त्यानंतर सुन्न झाला. अष्टमीतलं दुकान पुन्हा उघडायचं त्याच्या जिवावर आलं होतं. त्याच्या जुन्या कंपनीने बोलावलं तेव्हा त्याने लगेच होकार दिला. आईची सोय बहिणीकडे लावली. जायच्या आदल्या दिवशी मी रोह्याला गेले. त्याने उरलेले रेडिओ, पाने, दोरखंड, सगळं एका गोणीत भरून माझ्यासाठी ठेवलं होतं. मी म्हटलं, तू गेलास तर मी एकटी काय करू? त्याने गोणीचं तोंड सुतळीने बांधलं.

"तिथेही हवा दुसऱ्याचीच हाय, बाय," तो म्हणाला. "पण तिथे मला ती आपली वाटत नाय, म्हणून त्रास नाय होत."

त्याच्या आईने मला डब्यात फणसाची सांदणं दिली. एसटीत बसल्यावर मी रडले. दुःखापेक्षा राग जास्त होता, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. सरकारने अडवलं म्हणावं तर त्याने मोकळं केलं होतं. शेठनी लुबाडलं म्हणावं तर ते शब्द पाळून मोकळे झाले होते. गावाने फसवलं म्हणावं तर गावाने मी सांगितलं तेच केलं होतं.

आता मी गागोदे बुद्रुकला काम करते. डोंगराच्या पायथ्याचं गाव, मोबाइलचा सिग्नल जेमतेम. रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा उठायला नेट लागतं, म्हणून दुकानदार मशीन घेऊन टेकाडावर जायचा आणि गाव पिशव्या घेऊन त्याच्या मागे. मधल्या एका डोंगरसोंडेवर खांब रोवून मी पेणची लाईन तिथे नेली. भाईच्या गोणीतलेच रेडिओ. डिश जुळवताना व्हिडिओ कॉलवर तो आखातातल्या दोह्याहून सांगत होता आणि मी हलवत होते. तिथे लहरी तपासल्या तर आसपास दुसरं कुणीच नव्हतं. इतकी रिकामी हवा मी जोह्यात पहिल्या दिवशीही बघितली नव्हती. पण रिकामी आहे ती का, हेही मला माहीत आहे. रेशनचं दुकान, ग्रामपंचायत आणि थोडी घरं, एवढीच गिऱ्हाइकं. दुसरं कुणी येणार कशाला?

मागच्या वर्षी काकींचा फोन आला. डबा संध्याकाळचा चालत नाही. अख्ख्या गावाने डबे घेतले आणि टॉवर एकच. त्यांनी कंपनीच्या नंबरवर फोन लावला होता, तर एक बाई सारखं हे दाबा ते दाबा सांगत होती. काकींना कळेना की ऐकणारं माणूस कुठे बसतं. मी गेले. डबा दुसऱ्या खिडकीत ठेवून बघितला, थोडा फरक पडला, फार नाही. उघडून बघावा तर सील. माझं काहीच चालण्यासारखं नव्हतं. काकींनी विचारलं, तुझी डिश परत आणशील का? मी पत्र्यांकडे बोट केलं. गावभर डिशा होत्या, कुठली कुणाकडे बघते ते कळत नव्हतं. त्यांनी एकेक डिश न्याहाळली. मग म्हणाल्या, परदेशी गिऱ्हाइकांना आता मी आखणी सकाळचीच दाखवते, त्यांच्याकडे किती का वाजले असेनात. निघताना त्यांनी मला एक छोटी मूर्ती दिली, बिनरंगाची. रंगवायला वेळ नव्हता, म्हणाल्या.

गेल्याच आठवड्यात गागोद्याला खांबाचे बोल्ट आवळायला गेले होते. काम आटपून खाली आले तर रेशन दुकानापाशी रांग होती. माझ्यावर नजर गेली तशी रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "व्हय गो, कंपनीचा टॉवर कधी येनार आमच्याकडं?"

माझी लाईन चालू होती. तिचा अंगठा त्याच लाईनवर उठणार होता. मी म्हटलं, मला ठाऊक नाही, आजी. ती म्हणाली, आला तर बरं होईल. मी हो म्हटलं आणि पाना पिशवीत टाकला.